डाव्या बाजूची जागा

पिंपळदोह कोलियरी, जिल्हा चांदा
६ जुलै १९५५

कोलू,

अहेरीच्या शाळेत गुरुजीनं पत्राचा मायना पाठ करून घेतला होता, तो मले अजून येते. पण तुले 'श्रीयुत' लिवाले बसलो तं हातच चालेना. म्हणून सीधं नाव लिवलं.

मले इथी येऊन आज बावीस दिवस झाले. निंघताना तुले भेटून नाई आलो. गाडी सकाळी सुटत होती आन् येरमटोला आलापल्लीपासून चार कोस, मंग कसा येईन सांग. लाकडाच्या डेपोतल्या सुकलूपाशी तुह्या मायसाठी निरोप ठेवला होता. त्यानं सांगतला असंल.

खबर अशी का या कोळशाच्या खाणीनं मले फुटबॉलसाठी नोकरीवर ठेवलं. पहिलेपासून खेळणारे इथले लोक बारा वर्षं, पंधरा वर्षं खाणीत आहेत. मीच एक नवा. काम बत्तीघरात आहे. खाली उतरणाऱ्या माणसानं पितळेचा बिल्ला दिला का त्याले बत्ती द्याची आन् बिल्ला खिळ्यावर टांगाचा. वर आला का बत्ती घ्याची, बिल्ला द्याचा. खिळ्यावर बिल्ला राह्यला म्हणजे माणूस अजून खाली आहे. लाकडाचे ओंडके लोटण्यापेक्षा हे काम हलकं. आपल्या डेपोत खांदा सोलून निंघे, इथी नुसतं बसून कंबर दुखते.

चार वाजता मैदान. मैदान काळं आहे, कोलू. आपल्या इथी भुसा होता, पडलं तरी लागे नाई. इथी पडलं का गुडघ्यात कोळशाची कच जाते आन् कातडी वरून बंद होते. जुन्या खेळणाऱ्यांच्या गुडघ्यावर निळे डाग आहेत, गोंदल्यावानी.

मी लेफ्ट आऊट खेळतो, पार डाव्या कडेले. पहिल्या अकरात आहे. उस्ताद खुश आहेत. करामत उस्ताद म्हणतात त्याईले, कामठीचे आहेत, पहिले लय मोठे खेळाडू होते. मॅनेजर साहेबबी खुश आहेत.

रेंजर साहेब डेपोत आले होते का? तुह्याशी काई बोलले का? नसतील बोलले तं राहू दे, असंच विचारलं.

तू चौथी पास आहे. लिवता येत नाई असा बहाणा सांगू नको.

लटारू


पिंपळदोह
२१ ऑगस्ट १९५५

कोलू,

पोस्टमन बत्तीघराच्या समोरून जाते. दीड महिना झाला, मी त्याच्या हाताकडे पाह्यतो. आता तो मले पाह्यलं का दुरूनच मान हलवते.

मागच्या पत्रात लिवलं का मी पहिल्या अकरात आहे. ते खरं नाई. आतापर्यंत चार मॅची झाल्या, चारही मी बाहेर बसून पाह्यल्या. बाराव्या गड्याले कपडे घालून बसाव लागते. बूटबी घालाव लागते. पण एकदा मॅच सुरू झाली का कोणाचा पाय मोडला तरी त्याच्या जागी दुसरा जात नाई, असा कायदा आहे. म्हणजे मी कपडे घालून बसतो आन् मध्यंतराले बालटी घेऊन जातो. पाणी पिताना कोणी माह्या तोंडाकडे पाह्यत नाई.

या साली टूर्नामेंटमधी बूट लागतेच. तू आन् मी जनमभर उघड्या पायानं खेळलो. बुटात पाय घातला का असं वाटते का बॉल दुसऱ्याच्या घरात आहे आन् आपण भिंतीवर हात मारून राह्यलो. टाचेले दोनदा फोड येऊन फुटले.

पण नुसत्या बुटाची गोष्ट नाई. पहिल्याच दिवशी उस्तादनं माह्या डाव्या बाजूले बॉल टाकला. मी वळून उजव्या पायावर घेतला. त्यानं पुन्हा टाकला. मी पुन्हा उजवा पाय आणला. तिसऱ्यांदा तो जवळ आला आन् हळूच बोलला, "बेटा, तेरा बायाँ पैर तो मेहमान है। बुलाओ तो आता है, नहीं तो नहीं।"

मी म्हटलं, "बूट नया है उस्ताद."

तो म्हणाला, "रेंजर साहब ने तो कुछ और लिखा था।"

मी बुटाची नाडी बांधाले वाकलो.

माह्या जागेवर व्यंकटी भाऊ खेळते. सिरोंचाकडचा आहे, तेलुगू बोलते, चौतीस-पस्तीस वर्षांचा असंल. खाणीत छताले लाकडाचे टेकू लावाचं काम करते. आठ घंटे खाली राहून वर येते, तोंड धुते आन् मैदानावर असा पळते का पोट्टे मागं राहतात. त्याले माहीत आहे का मी त्याच्याच जागेसाठी आलो. तरी परवा मले बाजूले घेऊन म्हणाला, "बाबू, पाय नको मारू. कंबर फिरव, पाय आपोआप येते." मंग अर्धा घंटा माही कंबर धरून फिरवून दाखवली, जशी लहान पोराले सायकल शिकवावं.

आन् मी कसा आहे ते पाह्य. तो मैदानावर पळते तेव्हा मी बाकावर बसून म्हणतो का आता पडावा, आता मुरगळावा. बत्तीघरात त्याचा बिल्ला खिळ्यावर टांगतो तेव्हा माह्या मनात काय येते ते मी लिवत नाई.

मॅनेजर साहेबानं नव्या माणसाची एकच जागा मंजूर केली आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत टीममधी जमला तं नोकरी पक्की, नाई तं घर. म्हणून मी रोज सकाळी ड्युटीच्या पहिले बत्तीघराच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायानं बॉल मारत राहतो. अंगठ्याचं नख काळं पडलं. भिंतीवरबी एका जागी चुना निंघाला.

रेंजर साहेब काई बोलले असतील तं त्याईचं सगळं खरं समजू नको. माणूस ऐकून बोलते.

उत्तर दे गा. शिवी लिव, पण लिव.

लटारू


पिंपळदोह
९ ऑक्टोबर १९५५

कोलू,

मंगलीचं कार्ड आलं. पोस्टमननं स्वतःहून हाक मारून दिलं. मी समजलो तुहंच आहे. अक्षर पाह्यलं तं तुह्या बहिणीचं.

तिनं लिवलं आहे, "दादानं तुमची दोन्ही पत्रं वाचली. जून सरता सरता रेंजर साहेबानं दादाले विचारलं का तू रेस्ट हाऊसवर गेला काऊन नाई. दादा म्हणाला, मले कोणी सांगतलंच नाई. तेव्हापासून दादा डेपोत जात नाई. खेळत नाई. बांबू तोडाले जाते. तुमी आता पत्र लिवू नका."

म्हणजे तुले सगळं मालूम होतं. मी 'पहिल्या अकरात आहे' लिवलं तेव्हाबी मालूम होतं. ते वाचताना तुहं तोंड कसं झालं असंल, हे मी कालपासून पाहून राह्यलो.

मंगली नको म्हणते, तरी हे एक पत्र लिवतो. जे झालं ते माह्या हातानं लिवलेलं तुह्याजवळ असलं पाह्यजे.

सात जूनले रेंजर साहेबानं मले डेपोत बोलावलं. म्हणाले, "लटारू, तू येरमटोल्याचा रस्ता जाणतोस. कोलूले सांग, परवा दहा वाजता रेस्ट हाऊसवर ये. खाणीचे बाबू येऊन राह्यले. त्यांना डाव्या पायाचा खेळाडू हवा आहे, मी याचं नाव कळवलंय. मी तेव्हा दौऱ्यावर असेन, पण त्यानं चुकवू नये."

मी म्हटलं, "हव साहेब."

आन् मी निंघालोबी. खोटं नाई सांगत. दुपार धरून निंघालो, नाल्यापर्यंत आलो. तिथून तुहा टोला अर्धा कोस. नाल्यात पाणी नव्हतं, जून महिन्यात कुठलं पाणी. पाय ओले न करता पलीकडे गेलो असतो. मी अलीकडच्या दगडावर बसलो. मले काई सुचत नव्हतं, नुसता बसलो. एक बाई तेलासाठी मोहाच्या टोया वेचून राह्यली होती. तिनं विचारलं, "कुठी जाता?" मी म्हटलं, "कुठीच नाई." आन् मंग ते खरंच करून दाखवलं. उठलो आन् वापस फिरलो.

परवाच्या दिवशी दहा वाजता मीच रेस्ट हाऊसवर गेलो. खाणीच्या बाबूनं तुले कधी पाह्यलं नव्हतं. त्यानं कागद पाहून विचारलं, "रेंजर साहब वाला लड़का तू ही है?" मी म्हटलं, "हव." त्यानं विचारलं, "लेफ्ट से खेलता है?" मी म्हटलं, "हव." नाव विचारलं तं माहंच सांगतलं, लटारू. त्यानं कागदावरचं तुहं नाव खोडून माहं लिवलं. इतकंच झालं. पाच मिनिटं लागली असतील.

काऊन केलं, हे तू विचारशील. मी चार महिने तेच शोधून राह्यलो. घरी उपाशी मरत नव्हतो. माय चामोर्शीले मामाकडे बरी आहे. डेपोतलं काम होतं. तुह्याशी वैर तं कधीच नव्हतं. पण अहेरीच्या बाजाराच्या दिवशी मॅच राह्यली का लोक तुले पाहाले येत. बाया डोक्यावरची टोपली न उतरवता उभ्या राहत. मीबी त्याच मैदानावर पळत होतो. घरी जाताना लोक मले विचारत, "कोलू कुठी आहे?" मले वाटलं, एकदा तरी बोलावणं आपल्याले यावं. ते तुह्या नावाचं असलं तरी.

हे कारण वाचून मलेच लाज वाटते, इतकं लहान आहे.

माफ कर असं लिवत नाई. लिवाले सोपं आहे म्हणून.

लटारू


पिंपळदोह
२८ नोव्हेंबर १९५५

कोलू,

पाठवू का नको, करत करत शेवटी लिवतोच आहे.

दिवाळीनंतर व्यंकटी भाऊचा गुडघा सुजला. कोणी मारला नाई, पडला नाई. वयानंच सुजला. त्यानं स्वतःच उस्तादले जाऊन सांगतलं का आता या बाबूले खेळवा, याचा डावा पाय जागा झाला. मी इतके महिने त्याचा पाय मोडावा म्हणून बसलो होतो. खरंच तो लंगडत जागा सोडून बाहेर बसला तं मले त्याच्याकडे पाहवेना. तो मात्र मले पाहून हसला आन् बालटीकडे बोट दाखवलं. म्हणजे आता बालटी त्याची.

बावीस तारखेले चांद्याले मॅच झाली. समोर नागपूरकडची टीम, सगळे दांडगे. मैदानाच्या चहूकडे माणूसच माणूस. पहिल्या अर्ध्या घंट्यात मी तीनदा बॉल गमावला. लोक हसले. उस्ताद लायनीवर उभा राहून नुसतं कंबर फिरवून दाखवत होता. मंग एकदा बॉल माह्या डाव्या बाजूले आला, मी वळलो नाई, विचारबी केला नाई, आन् डाव्या पायानं आत टाकला. आपल्या सेंटरनं डोकं लावलं. गोल. तोच एक गोल, त्याच्यावरच मॅच जिंकली.

मले वाटलं आता जिवाले शांती भेटंल. पाच महिने याच्याचसाठी काढले होते. एक दिवस भेटलीबी.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या क्लबात सत्कार होता. मॅनेजर साहेबानं हार घातले. मले समोर उभं करून म्हणाले, या मुलाला आम्ही कसं शोधलं ते ऐका. आन् खिशातून रेंजर साहेबाची चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर वाचली.

कोलू, ती चिठ्ठी तुह्यावर आहे. रेंजर साहेबानं लिवलं होतं का, हा मुलगा पळताना बॉलकडे पाहत नाही, बॉल याच्याकडे पाहतो. याला डाव्या पायाने खेळायला कोणी शिकवलं नाही, याच्या पायाला दुसरं काही येतच नाही. फार बोलत नाही, पण मैदानावर त्याच्या शेजारी खेळणारा साधा गडीसुद्धा चांगला खेळू लागतो.

लोक टाळ्या वाजवत होते. तो शेजारी खेळणारा साधा गडी गळ्यात हार घालून उभा होता.

पंगत बसली होती, मी जेवलो नाई. सीधा उस्तादच्या खोलीवर गेलो. तो नमाज पढून उठत होता. मी सगळं सांगतलं, नाल्यापासून. सांगून झाल्यावर म्हणाला, "मुझे पहले दिन से मालूम था कि तू वो नहीं है। पैर झूठ नहीं बोलता।"

मी विचारलं, "फिर रखा क्यों?"

तो म्हणाला, "देखना था, झूठ पर कितनी मेहनत करता है।" मंग नमाजाची चटई गुंडाळत म्हणाला, "वो जो पैर था, उसका था। ये जो पाँच महीने में बना, ये तेरा है। अब क्यों खोद रहा है? खेल।"

मी म्हटलं, त्याले बोलवा. उस्ताद म्हणाला, जागा एकच आहे. टूर्नामेंटचा फारम एकतीस डिसेंबरपर्यंत भरता येते. तो आला तं तुले जाव लागंल. मॅनेजर दोन नवी माणसं ठेवणार नाई. "सोच ले," म्हणाला, "दो दिन."

आज पाच दिवस झाले. मी उस्तादले अजून जवाब सांगतला नाई. सकाळी ठरवतो का आज सांगीन. संध्याकाळी मैदानावर जातो, कपडे घालतो, लोक 'ए लेफ्ट आऊट' म्हणून हाका मारतात आन् मी नाई सांगत. मी जेवलो नाई म्हणून चांगला माणूस झालो असं समजू नको. दुसऱ्या दिवशी जेवलो.

लटारू


येरमटोला
२३ डिसेंबर १९५५

कोलू,

हे पत्र मी तुह्याच आंगणात बसून लिवून राह्यलो.

शेवटी उस्तादले सांगतलं, फारम द्या. त्यानं माह्याकडे पाह्यलं आन् कोरा फारम सही करून दिला. मॅनेजर साहेबाले त्यानंच समजावलं. काय समजावलं ते मले मालूम नाई, पण साहेबानं मले बोलावलं नाई, हे त्याचे उपकार. व्यंकटी भाऊ बस अड्ड्यापर्यंत लंगडत आला. पहिल्या जानेवारीच्या मॅचसाठी त्यानंच पुन्हा गुडघ्याले पट्टी बांधली. मी म्हटलं, "भाऊ, माह्यामुळे तुले पुन्हा पळाव लागते." तो म्हणाला, "एकच मॅच. मंग तुहा मित्र येईल."

आष्टीले डोंग्यानं वैनगंगा पार केली, लाकडाच्या ट्रकवर आलापल्लीले उतरलो, तिथून पायी. नाला आला. आता त्यात पाणी आहे, पोटरीइतकं. धोतर वर घेतलं आन् आलो.

तुह्या मायनं, बुधरीबाईनं, मले पाह्यलं. मले वाटलं हाकलून लावंल. तिनं 'उदा, बस' म्हणून खाट टाकली, आंबील दिलं. तुमच्या घरी आल्या माणसाले उभं ठेवत नाईत, म्हणून बसवलं, माह्यावर राजी होऊन नाई, हे मले समजते. ती माह्यासमोर बसून टोपली विणत राह्यली. एकदाच बोलली, "लहानपणी इथीच झोपत होता तू."

तू जंगलात बांबूच्या कूपात तोडाईवर आहे म्हणून मंगली तुले सांगाले गेली. दोन घंट्यानं आली. म्हणाली, "दादा म्हणते, तो गेल्यावर मी येईन."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाला?"

"काई नाई. बांबू तोडत होता, तोडतच राह्यला."

बरोबर आहे. मी इथी बसलो तं तू घरी येणार नाई, आन् फारमले आठच दिवस राह्यले. म्हणून मी हे संपवून उठतो.

फारम या पत्रासोबत मंगलीपाशी ठेवला आहे. जिथी पेन्सिलीनं फुली केली तिथी सही कर. एकोणतीस तारखेच्या आत पिंपळदोहले पोच. बत्तीघरात जाऊन 'करामत उस्ताद' म्हण, कोणीबी दाखवंल. तिथी तुह्यावर कोणी मेहरबानी करून राह्यलं असं समजू नको. ती जागा तुह्याच नावानं मंजूर झाली होती.

मी तिथी राहणार नाई. माहं सामान घेऊन आलो. तू गेला तं तिथी माहं तोंड तुले दिसणार नाई, याची खातरी ठेव.

आन् राग म्हणून जाणार नसशील, तं एक सांगतो. राग माह्यावर ठेव, जितका ठेवाचा तितका ठेव. त्याच्यापाई बॉलले लाथ मारणं सोडू नको. तू खेळत नाई हे मंगलीनं लिवलं तेव्हा मले जे झालं, ते मले तुह्या शिव्यांनंबी झालं नसतं.

बुधरीबाई म्हणते, उजेडात नाला पार कर. उठतो.

लटारू


आलापल्ली
१९ फेब्रुवारी १९५६

कोलू,

आता मी इथी आन् तू तिथी. लिफाफ्यावर सवयीनं येरमटोला लिवलं, मंग खोडून पिंपळदोह केलं.

तू अठ्ठावीस डिसेंबरले बसमधी चढला तेव्हा मी डेपोच्या फाटकाजवळ होतो. तू मले पाह्यलं, मीबी पाह्यलं. तू खिडकीच्या पलीकडच्या बाजूले जाऊन बसला. गाडी गेल्यावर मी ओंडके लोटाले लागलो. सुकलू म्हणाला, "आज लय जोर आला तुले." डेपोत मले पुन्हा घेतलं, मुकादमानं दोन-चार टोमणे मारले तेवढेच.

व्यंकटी भाऊनं कोणाकडून तरी चिठ्ठी लिवून पाठवली. त्याच्यावरून समजलं का तुले अजून टीममधी घेतलं नाई. तीन मॅची तू बाहेर बसला. बूट घातले का तू अर्धाच राहतो. एकदा रागानं बूट काढून फेकले आन् उस्तादनं तुले मैदानाबाहेर काढलं.

खरं लिवतो. हे ऐकून मले बरं वाटलं. कोलूबी बसला, मी एकटाच नव्हतो, असं वाटलं. तो दिवस मी गाणं म्हणत काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मले त्या बाकावर तू बसलेला दिसला, कपडे घालून, बालटी घेऊन. लोक पाणी पिऊन राह्यले आन् कोणी तुह्या तोंडाकडे पाहून नाई राह्यलं. तेव्हा हे पत्र लिवाले बसलो.

बुटाचं ऐक. मले जे समजाले तीन महिने लागले ते तुले फुकट देतो. नवा बूट वाळवून घालू नको. ओला करून पायात घाल आन् पायातच वाळू दे, मंग तो पायाचा होते. आतून टाचेले एरंडीचं तेल लाव, रोज. नाडी घोट्याच्या हाडावरून बांधू नको, खालून घे. पहिले आठ दिवस बॉल मारूच नको, नुसता बूट घालून चाल. बाजारात जा, पाण्याले जा. तुहा पाय माह्यावानी पाहुणा नाई, त्याले फक्त नवं घर ओळखू दे.

उस्ताद बसवून ठेवते ते रागानं नाई. तो पाह्यते का माणूस बसल्यावर काय करते.

आता दुसरी गोष्ट. उस्तादचंबी पत्र आलं. त्याचा राइट हाफ, उजव्या बाजूचा गडी, नागपूरले जाऊन राह्यला. होळीनंतर ती जागा रिकामी होते. त्यानं लिवलं आहे का तुझा खरा पाय उजवा आहे, त्याच पायाने ये, या वेळी कोणाच्या नावाने नाही. मॅनेजर साहेब राजी आहेत.

मी ते पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मले जावंसं वाटते. लय वाटते. इथी संध्याकाळ झाली का पाय जाग्यावर राहत नाईत. डेपोतले पोट्टे खेळतात, मी जातो, पण अर्ध्यातून येतो.

पण मी तुले लिवून दिलं होतं का तिथी माहं तोंड दिसणार नाई. तो शब्द मी एकट्यानं मोडणार नाई. तू नाई म्हटलं तं मी उस्तादले नाई लिवतो, आन् काऊन नाई ते त्याले सांगणार नाई. तुलेबी कारण विचारणार नाई. एक कार्ड टाक. एक शब्द लिवला तरी चालंल.

बुधरीबाईले ताप होता, आता उतरला. मंगली आन् मी बंडीनं अहेरीच्या दवाखान्यात नेलं होतं. हे सांगून तुह्यावर उपकार चढवत नाई. घरची खबर तुले भेटली पाह्यजे म्हणून लिवलं.

लटारू


पिंपळदोह कोलियरी
१२ मार्च १९५६

लटारू,

पत्र भेटलं. मले जास्ती लिवता येत नाई.

काल उस्तादनं मले टीममधी घेतलं. बुटाचं तू लिवलं तसं केलं. तेल कामी आलं. आपण दोन गोलांनं हारलो, पण मी पूर्ण वेळ खेळलो आन् बूट काढले नाई.

मायचं मंगलीनं कळवलं होतं.

मी माफ केलं नाई. करीन का नाई, ते मले अजून समजलं नाई. खोलीत माह्याशी बोलाले येऊ नको. जेवाले शेजारी बसू नको. झालं त्याची गोष्ट कधी काढू नको.

पण हा राइट हाफ बॉल डोकं खाली घालून मारते, कोण कुठी उभा आहे ते पाह्यत नाई. काल मी सगळी मॅच लायनीवर नुसता हात वर करून उभा होतो. तू ये. मी डाव्या बाजूले राहीन. बॉल तिकडे टाक.

कोलू